पलंगाच्या पायथ्याचं चित्र

पडद्यांची मापं घ्यायला म्हणून पडदेवाली त्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. काम नेहमीचंच. खिडकीला टेप लावायची, दांडी कुठे ठोकायची तिथे पेन्सिलीने खूण करायची, कापडाचे तुकडे उजेडात धरून दाखवायचे, आणि चहा नको नको म्हणत चहा पिऊन निघायचं. दिवाणखाना उरकला, झोपायची खोली उरकली. ती टेप गुंडाळत असताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, पलंगासमोरची ही भिंत अगदी ओकीबोकी वाटते, इथे काय लावू?

पडदेवालीच्या तोंडून एकदम निघून गेलं, "चित्र लावा. एक बाई आणि एक पुरुष."

"कसलं चित्र?"

मग ती सांगत बसली. पिवळ्या उजेडाने भरलेली खोली. मधे एक बाई उभी, केस मोकळे, मान मागे टाकलेली. तिच्या मागे पुरुष, त्याचं तोंड तिच्या केसांत बुडालेलं. त्याचा हात तिच्या खांद्यावरून पुढे आलेला आणि तिच्या दोन्ही हातांनी तो धरून ठेवलेला. तिच्या टाचा उचललेल्या, आनंदाने माणूस चवड्यांवर उभं राहतं तशा. आणि चित्राच्या मधोमध, वरून खालपर्यंत, खांबासारखी एक काळी रेघ. हे तिने लहानपणी पाहिलं होतं. तिच्या पलंगाच्या पायथ्याशी होतं ते.

"किती छान आठवतं तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाचं आहे?"

ते मात्र तिला माहीत नव्हतं. कुणी काढलं, त्याला नाव काय, घरात ते आलं कुठून, काहीच नाही. रस्त्याने परतताना तिचं तिलाच नवल वाटलं. उभा जन्म ज्या चित्राशी ताडून पाहण्यात गेला, त्याची साधी चौकशीसुद्धा तिने कधी केली नव्हती.

ताडून पाहणं म्हणजे अगदी खरंच तसं. तरुणपणी तिला स्थळं आली, चांगली आली. ती एकेकाला नकार देत गेली. भाऊ वैतागला, आईने बोलणं टाकलं. कारण विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. समोर बसलेल्या प्रत्येक माणसाकडे बघून ती मनात म्हणायची, हा तसा उभा राहील का माझ्या मागे? आणि उत्तर नाही असं यायचं. होता होता केसांत रुपेरी तारा दिसायला लागल्या, हातात कापड आणि कात्री राहिली, आणि लोक तिला पडदेवाली म्हणायला लागले.

मग घड्याळवाला आला. त्याचं दुकान तिच्या दुकानाच्या समोरच, रस्ता ओलांडला की. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, हळू बोलणारा माणूस. दुपारचं ऊन काचेच्या कपाटावर येतं म्हणून पडदा शिवून घ्यायला तो आला, आणि मग पडद्याची शिवण उसवली, कडी निसटली, दोरी अडकली अशा कुठल्या ना कुठल्या निमित्ताने येतच राहिला. तिलाही ते कळत होतं. पुढच्या महिन्यात दोघं नोंदणी करून लग्न करणार होते. याच्याबद्दल मनाने पहिल्यांदा नाही म्हटलं नव्हतं. हो असंही ठणकावून म्हटलं नव्हतं, पण या वयात तेवढं पुरे, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

चित्राची हकिगत तिने त्यालाही सांगितली. तो खूश झाला. म्हणाला, शोधून काढू, लग्नाची भेट म्हणून मीच देतो तुम्हाला ते. आणि बोलून गप्प बसणारा तो नव्हता. दुकान लवकर बंद करून तो तिला घेऊन चौकटी विकणाऱ्यांकडे गेला, जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्यांपुढे बसला, चित्रसंग्रहालयातल्या पहारेकऱ्याला बोलतं केलं. प्रत्येक ठिकाणी तिने तेच वर्णन केलं आणि प्रत्येकाने मान हलवली. असलं काही पाहिल्यासारखं वाटतं, म्हणायचे, पण नक्की सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र तिला हळूहळू खुपायला लागली. दर खेपेला, वर्णन संपलं की घड्याळवाला एकच प्रश्न विचारायचा.

"आणि त्याचा चेहरा?"

दिसत नाही, ती सांगायची. केसांत आहे.

"आठवून बघा ना. थोडा तरी."

पहिल्यांदा तिला त्यात काही वाटलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. पण पुढे पुढे तो प्रश्न येणार म्हणून ती आधीच अंग चोरून बसायला लागली. बाईबद्दल त्याने कधी काही विचारलं नाही. खोलीबद्दल नाही. या माणसाला त्या चेहऱ्याशी काय करायचंय? पाल चुकचुकावी तसं मनात काहीतरी चुकचुकलं, आणि तिने ते झटकून टाकलं.

घड्याळवाल्यानेच तिला एका निवृत्त चित्रकलेच्या बाईंचा पत्ता दिला. तुम्ही सांगा, त्या काढतील, म्हणाला, मग कागद दाखवत फिरू. पडदेवाली एकटीच गेली. बाई जाड चष्म्याच्या, बोटांना कोळशाचे डाग पडलेल्या, हसऱ्या. ती सांगत गेली आणि कागदावर ते उतरत गेलं. बाईंचा हात भराभर चालत होता. मग तो मंदावला. बाईंनी काढलेलं खोडलं, परत काढलं, परत खोडलं. हसणं थांबलं होतं.

"टाचा उचललेल्या आहेत म्हणालात ना?"

"हो. चवड्यांवर उभी आहे."

"मान मागे?"

"मागे."

बाई उठल्या, मान मागे टाकून स्वतःच चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि तोल जाऊन टेबलाला टेकल्या. "बघितलंत? चवड्यांवर उभं राहिलं की माणूस पुढे झुकतं. मान अशी मागे टाकली तर उभंच राहता येत नाही." त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "तुम्ही सांगितलं तसंच काढलंय. नीट बघा. हिचा भार हिच्या पायांवर नाहीये."

पडदेवालीने पाहिलं. लहानपणापासून पाठ असलेलं चित्र होतं. तेच केस, तोच हात. फक्त तो हात आता खांद्यावरून पुढे आलेला नव्हता. तो गळ्याभोवती गेला होता. आणि तिच्या दोन्ही हातांनी तो प्रेमाने धरलेला नव्हता.

"आणि ही रेघ," बाई हळूच म्हणाल्या. "चित्राच्या ऐन मधे अशी रेघ कुणी ओढत नाही हो. हे चित्र नसेल..."

 कागद त्यांनी घरात ठेवून घेतला नाही. तिच्या पिशवीत घातला आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

पडदेवाली तशीच भावाच्या घरी गेली. आई आता थकली होती, खिडकीशी बसून लसूण सोलत होती. वहिनी बाहेर गेली होती, ते एक बरं झालं. तिने आईला विचारलं, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी चित्र होतं ते कुणाचं? आई म्हणाली, आपल्या घरात कधी चित्र नव्हतं. भिंतीला खिळा ठोकला तर घरमालक ओरडायचा.

"होतं. पायाकडच्या भिंतीवर."

आईचे हात थांबले. "पायाकडे भिंत नव्हती. खिडकी होती."

मग ती सालं एका बाजूला सारायला लागली. हळूहळू तिने सांगितलं. त्या घरात असताना पोरीला ताप यायचा, दिवस कलला की चढायचा. दिवेलागणीला ती उठून बसायची आणि खिडकीकडे बोट दाखवून म्हणायची, आई, ते बघ, काका आणि काकू. रोज. एके दिवशी हसून म्हणाली, काकूंना त्यांनी उचललं. तेव्हा आई म्हणाली होती, काही नाही गं, चित्र आहे ते, झोप. मग पोर रोज चित्र चित्र करायला लागली. दोन आठवड्यांत त्यांनी ते घर सोडलं.

"म्हणजे समोरच्या घरात..." पडदेवाली आईच्या समोर येऊन बसली. "तू पाहिलंस ना? कोण होता तो?"

"समोर घर नव्हतं."

"आई."

"मोकळं रान होतं समोर. पार टेकडीपर्यंत. एक झाड नव्हतं. म्हणून तर भ्यायले मी."

पडदेवालीचा विश्वास बसला नाही. आई कुणालातरी पाठीशी घालते आहे असं तिला स्पष्ट वाटलं. क्षणभर स्वतःच्या वडिलांची पाठ तिच्या डोळ्यांपुढे आली, ती स्थळं यायच्या आधीच गेलेल्या माणसाची पाठ, आणि त्या विचाराची तिलाच शिसारी आली. घर कुठे होतं ते तिने विचारून घेतलं. गावाच्या कडेला, आई म्हणाली, खाली छापखाना होता, भिंतीवर ही मोठी अक्षरं. जाऊ नकोस तिकडे.

ती जाणार होती. पण त्याआधीच घड्याळवाला तिला म्हणाला की त्याने एक गंमत करून ठेवली आहे, संध्याकाळी टेप घेऊन चला. रिक्षातून तो लहान मुलासारखा हसत होता. त्याने दोघांसाठी नवं घर भाड्याने घेतलं होतं. तिसरा मजला. रंगारी नुकताच काम संपवून गेला होता, ओल्या रंगाचा वास कोंडला होता. त्याने दिव्याचं बटण दाबलं.

खोली पिवळ्या उजेडाने भरली.

"बघा कसा उजेड पडतो," तो म्हणाला. "आणि ही खिडकी. माप घ्या."

तिने टेप काढली, कारण काहीतरी करायला हवं होतं. खिडकी रुंद होती आणि मधोमध लाकडाचा एक काळा खांब. बाहेर अंधारत होतं. रस्त्यापलीकडे एक जुनी इमारत, वरचे मजले बंद, आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर, पोपडे निघालेल्या चुन्यातून, कसलीशी मोठी अक्षरं. अर्धीच उरली होती. तरी ती वाचता येत होती. छापखाना.

"हेच घर का घेतलंत?"

"भाडं कमी. आधीचे लोक फार टिकत नाहीत म्हणे. जिन्याचा कंटाळा करतात." तो तिच्या मागे येऊन उभा राहिला, तिला काय दिसतंय ते बघायला. मग त्याने संकोचत, पहिल्यांदाच, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

समोरच्या काचेत दोघांचं प्रतिबिंब पडलं होतं. पिवळी खोली. बाई. तिच्या मागे पुरुष, तोंड तिच्या केसांआड. मधे काळी रेघ.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

"काय झालं?" त्याचा आवाज अगदी कानाशी आला. "चेहरा आठवला का?"

ती जिन्याने कशी उतरली ते तिचं तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने लग्न मोडलं. त्याने कारण विचारलं, ती कापड कापत राहिली. तो तिच्या दुकानात येऊन कापडाच्या तागांपाशी नुसता उभा राहिला, मग निघून गेला. त्यानंतर दोन्ही दुकानं रोज एकमेकांसमोर उघडत आणि रोज बंद होत. तो मान वर करायचा नाही. ती मात्र मशीनवरून त्याला न्याहाळत राहायची. भिंग डोळ्याला लावून वाकलेली ती पाठ. चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलणारी ती बोटं. या बोटांत केवढी ताकद असेल, याचा ती विचार करायची.

वर्ष उलटलं असेल नसेल. शेजारच्या दुकानदाराकडून तिला कळलं की घड्याळवाल्याने लग्न केलं, एका नर्सशी, आणि दोघं त्याच घरात राहतात.  त्या बाईला सांगायला हवं. पण काय सांगायचं? मी लहान असताना तापात तुमच्या खोलीत, जी तेव्हा नव्हती, तुमच्या नवऱ्याला पाहिलं? ती रस्ता ओलांडायला निघायची आणि अर्ध्यावरून परत फिरायची.

शेवटी नर्सच तिच्याकडे आली. ठेंगणी, मोकळ्या स्वभावाची. म्हणाली, तुमचं त्यांचं ठरलं होतं ते मला माहीत आहे, मला त्याचं काही नाही. मला खिडकीला जाड पडदा हवाय. उजेड आरपार जाता कामा नये.

पडदेवालीने पडदा शिवला आणि लावायला स्वतः गेली. नर्सला रात्रपाळीला निघायचं होतं, त्याआधी उरकायचं होतं. स्टूलवर चढून, हात ताणून, ती कड्या दांडीवर ओवत राहिली. समोरच्या इमारतीकडे तिने पाहिलं नाही.

"समोरून कुणी बघतं का?" तिने विचारलं.

नर्सने खालून स्टूल धरलं. "समोर कुणी राहतच नाही. मला वाटतं... आतूनच कुणीतरी बघतं. इथे उभं राहून, खिडकीबाहेर. समोर कुणीतरी दिसायची वाट बघितल्यासारखं. पडदा लावला तर त्याला बघायला काही उरणार नाही, असं माझ्या डोक्यात आलं. हसू नका हं."

"आणि... ते घरी असले की?"

"ते असले की काहीच नसतं. ते असले की मला झोप लागते."

पडदेवाली स्टूलवर तशीच उभी राहिली.  इतके महिने तिने ज्याच्यावर नजर ठेवली, तो या घरात असतो तेव्हा ही बाई शांत झोपते. मग तिने पिशवीतून सुईदोरा काढला आणि पडद्याचे दोन्ही भाग मधोमध टाके घालून शिवूनच टाकले. पडदा आता मधून उघडणार नव्हता. नर्सने का म्हणून विचारलं नाही. तिने दिवा बंद केला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि दोघी खाली आल्या.

रस्त्याच्या टोकाकडून घड्याळवाला येत होता, हातात भाजीची पिशवी. पडदेवालीला बघून तो थबकला, मग कसनुसं हसला. बोलायला काही सुचलं नाही तसं त्याने वर पाहिलं.

"दिवा राहिला वाटतं."

"मी बंद केला," नर्स म्हणाली.

तिघांनी वर पाहिलं. पडद्याच्या कापडातून उजेड येत नव्हता, कापड चांगलं होतं. पण भिंतीकडच्या बाजूला पिवळ्या उजेडाची एक उभी फट होती. पडद्याची कड कुणीतरी मुठीत धरून बाजूला ओढली होती.

"थांबा, मी बघून येते," नर्स म्हणाली आणि फाटकाकडे वळली.

पडदेवालीने तिचं मनगट पकडलं. नर्सने सोडवायचा प्रयत्न केला, तरी तिने सोडलं नाही. "नका जाऊ," एवढंच ती म्हणत राहिली. "नका जाऊ." घड्याळवाला एकदा तिच्याकडे बघत होता, एकदा वर. मग पिशवी खाली ठेवून तोही बायकोच्या वाटेत आडवा येऊन उभा राहिला.

बऱ्याच वेळाने पडद्याची कड सुटली. सावकाश. मग दिवा विझला.

त्या घरात ती दोघं पुन्हा राहिली नाहीत. दिवसाउजेडी माणसं नेऊन सामान काढलं. पडदे परत द्यायला घड्याळवाला स्वतः आला. नव्या घराच्या खिडक्या लहान आहेत, म्हणाला, दुसरीकडे कुठे वापरा. जाता जाता दारात थांबला.

"तुम्ही तेव्हा नाही म्हणालात ते याचसाठी ना? घराला भिऊन? मला वाटायचं, चित्रातल्या त्या चेहऱ्याशी माझा जुळत नाही म्हणून."

त्याच्याकडे बघून तिला खरं सांगवेना. "हो," ती म्हणाली. त्याने मान हलवली, जरा मोकळा झाल्यासारखा दिसला, आणि रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेला.

पडदे तिने उलगडून टेबलावर पसरले आणि इस्त्री तापवली. भिंतीकडच्या कडेला मुठीने आवळल्याच्या चुण्या होत्या. तिने पाणी शिंपडून इस्त्री फिरवली, परत फिरवली. त्या जाईनात. मग तिने पडदा उचलून दुकानाच्या दांडीवर टांगला, जसा तिथे टांगला होता तसाच, त्याच उंचीवर, आणि मागे सरून पाहिलं.

चुण्या पार वर होत्या, कड्यांच्या जरा खाली. ताठ उभं राहून, टाचा उचलून, तिने हात वर केला. पोचला नाही.